लँगॉलेन ते यॉर्क : दोघींचा प्रवास आणि एक राहिलेली सही

मे महिन्यात आम्ही दोघी वेल्समधील लँगॉलेन हे गाव आणि तेथून इंग्लंडमधील यॉर्क असा छोटा प्रवास करून आलो. आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी जोडीदार. आपले नाव कोठे छापून यावे हे तिला आवडत नाही, म्हणून या लेखात ती फक्त ‘ती’ आहे. नोकरीच्या निमित्ताने आम्ही इंग्लंडमध्ये एकाच शहरात राहतो, पण दोन वेगळ्या घरांत. निघण्याच्या आधी एका घराच्या संयुक्त भाडेकराराचा मसुदा आमच्याकडे आला होता. माझी सही झाली होती आणि तिची राहिली होती. प्रेमाबद्दल तिच्या मनात शंका नव्हती, माझ्याही नव्हती. मात्र ‘दोघी मिळून आणि प्रत्येकी स्वतंत्रपणे संपूर्ण भाड्यास जबाबदार’ हे कलम वाचले की तिला एकदम स्वयंपाकघरातली कामे आठवत.

लँगॉलेन मी मुद्दाम निवडले होते आणि तसे तिला आधीच सांगितले होते. अठराव्या शतकात घर सोडून पळालेल्या एलिनॉर बटलर आणि सारा पॉन्सनबी या दोन आयरिश स्त्रिया जवळजवळ पन्नास वर्षे तेथे एकत्र राहिल्या. यॉर्कमध्ये ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर या दोन इंग्रज स्त्रियांनी एका लहानशा चर्चमध्ये आपले नाते पक्के केले. ‘पाहायला काय हरकत आहे, सही थोडीच तिथे करायची आहे,’ असे म्हणून ती तयार झाली.

पहिला दिवस : नदीकाठची खोली

लँगॉलेनला मुख्य मार्गावरचे रेल्वे स्थानक नाही. रुआबॉन येथे उतरून बस घ्यावी लागते आणि बसने थोड्याच वेळात डी नदीचे खोरे दिसू लागते. गावातला जुना दगडी पूल वेल्सच्या सात आश्चर्यांत गणला जातो. पुलाखाली पाणी खडकांवरून इतक्या जोरात वाहत असते, की काठावर उभे राहून बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. पुलापलीकडच्या छोट्या स्थानकावरून कॉर्वेनपर्यंत वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी धावते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती सुटत होती आणि सगळा पूल धुराने भरून गेला होता.

आमचा मुक्काम एका घरगुती निवासात होता. खोलीचे आरक्षण तिने केले होते आणि त्यात दोन स्वतंत्र पलंग मागितले होते. यजमानीण बाई सत्तरीच्या असाव्यात. बोलणे मोकळे, आवाज खणखणीत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून त्यांनी विचारले, की पलंग वेगळे ठेवू की जोडून देऊ. ब्रिटनमधील अनेक लहान निवासांत मधोमध झिपची चेन लावून एक करता येतील अशा दोन गाद्या असतात आणि पाहुण्यांच्या इच्छेप्रमाणे त्या जोडतात किंवा सोडवतात. जेवणाच्या खोलीत बसलेले एक सायकलस्वार गृहस्थ उत्तर ऐकण्यासाठी चहाचा पेला हातात धरून थांबले होते. ती म्हणाली, ‘हवामान पाहून उद्या सांगते.’ बाईंनी खिडकीबाहेर पाहिले, गंभीरपणे मान डोलावली आणि आम्हाला किल्ली दिली.

शाकाहारी वाचकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. वेल्समध्ये ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’ नावाचा पदार्थ मिळतो. नावात सॉसेज असले तरी त्यात मांस नसते. चीज, लीक नावाची कांद्याच्या कुळातली भाजी आणि पावाचा चुरा एकत्र करून तो तळतात. रात्रीच्या जेवणाला आम्ही तोच घेतला. नंतर चहात भिजवलेला सुका मेवा घालून केलेल्या ‘बारा ब्रिथ’ या पावाचे लोणी लावलेले काप आले. शेवटचा काप तिने न विचारता माझ्या ताटलीत ठेवला. अशा गोष्टींची तिला कधी भीती वाटलेली नाही.

दुसरा दिवस : प्लास न्यूइड आणि तीन बाजूंची समाधी

सकाळी चालत प्लास न्यूइड या एलिनॉर आणि सारा यांच्या घरी गेलो. नकाशात हे नाव शोधताना काळजी घ्यावी, कारण याच नावाचा एक मोठा वाडा अँगलसी बेटावरही आहे आणि तो येथून बराच दूर आहे. हे घर वर्षभर उघडे नसते, तेव्हा निघण्याआधी दिवस आणि वेळा पाहून घ्याव्यात. बाग मात्र आरामात फिरण्यासारखी आहे आणि खालच्या बाजूच्या ओढ्याकडे उतरणारी वाट चुकवू नये.

घराची कथा थोडक्यात अशी. एलिनॉर किल्केनीच्या सरदार घराण्यातली. लग्न न झाल्यामुळे तिला मठात पाठवण्याचे घरात घाटत होते. सारा तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, अनाथ, नातेवाइकांच्या आश्रयाला राहणारी. आणि ज्याच्या घरी ती राहत होती तो गृहस्थच तिच्या मागे लागला होता. मार्च १७७८ मध्ये दोघी पुरुषांचे कपडे घालून, एक पिस्तूल आणि साराचा कुत्रा बरोबर घेऊन वॉटरफर्ड बंदराच्या दिशेने पळाल्या. बोट मिळाली नाही आणि दोघी पकडल्या गेल्या. काही दिवसांनी एलिनॉर पुन्हा घरातून निसटली आणि साराच्या खोलीत लपून राहिली. साराच्या घरातली मोलकरीण मेरी कॅरिल तिला चोरून जेवण पोचवत होती. अखेर दोन्ही घरांनी हात टेकले. त्याच वर्षी दोघी आयर्लंड सोडून वेल्समध्ये आल्या आणि १७८० मध्ये त्यांनी लँगॉलेनचे हे घर भाड्याने घेतले.

‘भाड्याने?’ असे तिने तेथील सेविकेला दोनदा विचारले. भाड्यानेच. जगभर गाजलेली ही जोडी भाडेकरू होती, पैशांची ओढाताण त्यांना आयुष्यभर पुरली आणि एलिनॉरच्या रोजनिशीत काव्याच्या बरोबरीने घरखर्चाचे हिशेबही आहेत. त्याच रोजनिशीत साराचा उल्लेख ‘माझी लाडकी’ असा येतो. तिला या हिशेबांनी धीर आला असावा. निदान पहिल्या खोलीत तरी ती माझा हात धरून हिंडत होती.

आतून घर काळ्या ओक लाकडाच्या कोरीव कामाने इतके भरलेले आहे, की डोळे सरावायला वेळ लागतो. जिना, दरवाजे, भिंती यांवर देवदूत, सिंह, वेली, जुन्या पलंगांचे आणि चर्चमधील आसनांचे तुकडे शेजारी शेजारी बसवलेले आहेत. भेटीला येणाऱ्यांनी कोरीव ओकचा एखादा तुकडा आणावा, अशी येथील रीतच पडली होती. वर्ड्‌स्वर्थ आणि वॉल्टर स्कॉट हे कवी, वेलिंग्टनचा ड्यूक अशी मंडळी येथे येऊन गेली. वर्ड्‌स्वर्थने १८२४ मध्ये केलेल्या कवितेत घराचा उल्लेख ठेंगणी झोपडी अशा अर्थाने केला आणि त्या दोघींना तो मुळीच आवडला नाही. मला त्यांचा राग पटतो. भाड्याच्या घराला कोणी इतक्या वर्षांच्या मेहनतीने आपले केले असेल, तर पाहुण्याने छताची उंची मोजू नये. बाहेरच्या भिंतींवरचे काळे-पांढरे लाकडी पट्टे मात्र त्यांच्या नंतरच्या मालकाने लावलेले आहेत. छायाचित्रांत तेच आधी दिसतात, म्हणून हे सांगितले.

वरच्या मजल्यावर त्यांच्या शयनगृहात उभे असताना सेविकेने सांगितले, की या घराबाहेर एकही रात्र काढायची नाही असा दोघींनी निश्चय केला होता, असे म्हणतात. माझा हात सुटला. ‘एकही नाही?’ तिने विचारले. ‘पन्नास वर्षांत?’ आणि ती खाली बागेत निघून गेली. मी गेले तेव्हा ती दगडी बाकावर बसून त्या घराकडे असे पाहत होती, जणू तेच आमच्या भाडेकराराचे शेवटचे पान आहे.

दुपारी संत कॉलेनच्या चर्चच्या आवारात गेलो. एलिनॉर १८२९ मध्ये नव्वदीत वारली आणि सारा १८३१ च्या डिसेंबरमध्ये. त्यांची समाधी तीन बाजूंची आहे. एका बाजूवर एलिनॉरचे नाव, दुसरीवर साराचे आणि तिसरीवर मेरी कॅरिलचे, कारण ही समाधी मुळात त्या दोघींनी मेरीसाठीच बांधली होती. मेरी त्यांच्या मागोमाग वेल्सला आली आणि १८०९ मध्ये मरेपर्यंत त्यांच्याजवळ राहिली. एका नोकराला मेणबत्तीची दिवठण फेकून मारल्यामुळे तिचे आधीचे काम गेले होते, असे सांगतात. स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून तिने जमीन घेतली होती आणि ती साराच्या नावे ठेवून गेली.

तेथे बारीक पाऊस सुरू झाला. एका यू वृक्षाखाली उभे राहून ती बोलू लागली आणि आमच्या इतक्या दिवसांच्या बोलण्यात जे कधी आले नव्हते ते तिने सांगितले. ‘ताईचं लग्न दोनदा मोडायला आलं होतं. दोन्ही वेळा आत्या, काका, शेजारच्या काकू, सगळे येऊन बसले. रडारड झाली, चहा झाला, लग्न टिकलं. आपलं मोडायला आलं तर कोण येऊन बसणार आहे?’

मला हे ऐकून तिच्या भीतीबद्दल फार आदर वाटला. मी समजत होते की तिला बांधले जाण्याची भीती आहे. खरे तर ती बांधणाऱ्या गाठीची मजबुती तपासत होती. भारतात लग्न ठरते तेव्हा दोन माणसांच्या मागे पन्नास माणसे उभी असतात. त्यांचा त्रास होतो हे खरे, पण पडणाऱ्याला धरतातही तीच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले, त्या रात्री आम्ही दोघी रडलो होतो. तिने मला आता सांगितले, की त्या रडण्यात तिची थोडी सुटकाही होती. तेथे कायदाच नाही म्हणून थांबलो, असे स्वतःला सांगता येत होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०१४ पासून दोन स्त्रियांना लग्न करता येते, आणि येथे राहायला आल्यावर ते कारण हातचे गेले.

‘त्यांची मेरी होती,’ मी समाधीकडे पाहत म्हणाले.

‘आपल्याकडे मेरी नाही,’ ती म्हणाली आणि छत्री उघडून चालू लागली. छत्री एकच असल्यामुळे मलाही लगेच निघावे लागले.

तिसरा दिवस : हवेतला कालवा

पाँटकसल्टे जलसेतूकडे कालव्याच्या काठाने चालत जाता येते. अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर, वाट सपाट. पाय दुखत असतील तर बसनेही जाता येते. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांचे हे काम १८०५ मध्ये पूर्ण झाले. अठरा दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची ३०७ मीटर लांबीची पन्हळ ठेवलेली आहे आणि तिच्यातून, नदीच्या ३८ मीटर वरून, कालवा वाहतो. २००९ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पादचाऱ्यांच्या बाजूला कठडा आहे, पण पाण्याच्या पलीकडच्या कडेला काहीही नाही. नुसती वीतभर लोखंडी कड आणि खाली झाडांचे शेंडे. वर वारा बोचरा असतो, तेव्हा मे महिन्यातही जाड जाकीट हवे.

आम्ही पर्यटकांची नाव घेतली. ती मोकळ्या कडेला बसली, बाहेर डोकावून मेंढ्या मोजू लागली आणि माझ्याच खांद्यावर हनुवटी टेकून, ‘बघ ना खाली,’ असे म्हणत राहिली. मी समोरच्या प्रवाशाच्या टोपीकडे पाहत होते. नावाड्याने सांगितले, की पन्हळीच्या तळाशी एक बूच आहे आणि तपासणीच्या वेळी ते काढून सगळे पाणी खाली नदीत सोडतात. हे ऐकताच ती सरसावून बसली. बूच कोण काढते, पाणी जायला किती वेळ लागतो, नंतर ते परत नीट बसते का, असे तिने एकामागून एक विचारले. नावाड्याला इतका रस घेणारा प्रवासी आवडला असावा. तो म्हणाला, की पाणी काढून तपासता येते म्हणूनच हा सेतू दोनशे वर्षे उभा आहे.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे वर्षातून एकदा आपण बसून सगळं तपासायचं. भाडं, कामं, कोण किती थकलंय. आणि त्या दिवशी कुणी रागवायचं नाही.’

‘चालेल,’ मी म्हणाले. नाव अजून सेतूच्या मधोमध होती. मी तिच्या कपाळाचे चुंबन घेतले आणि तेव्हा पहिल्यांदा खालचे खोरे पाहिले. फार सुंदर आहे ते.

परतताना पावसाने दोघींना पुरते भिजवले. दारात पाऊल ठेवताच यजमानीण बाई टॉवेल घेऊन आल्या आणि तिने, ओल्या केसांनी आणि स्पष्ट आवाजात, पलंग जोडून द्यावेत अशी विनंती केली. बाईंना झालेला आनंद लपत नव्हता. त्या वर आल्या, गाद्या सरकवल्या, चेन लावली, आणि ती निम्म्यावर अडकली. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने मेणबत्ती आणून दात्यांवर घासली. मग सायकलस्वार गृहस्थ पक्कड घेऊन आले, कारण सायकल दुरुस्तीचे सामान त्यांच्याकडे होते. मी एका गादीवर बसून भार दिला, ती दुसऱ्या गादीला गुडघ्याने रेटत होती, आणि तीन अनोळखी माणसे आमचा पलंग एक करण्यासाठी घाम गाळत होती. चेन शेवटपर्यंत गेली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी सर्वांसाठी खाली लीक आणि मटणाचे ‘काऊल’ नावाचे सूप काढले, माझ्यासाठी मटणाशिवाय वेगळे, आणि त्या रात्री जेवणाच्या टेबलाभोवती आमच्या घराच्या प्रश्नावर मनमोकळी चर्चा झाली. सायकलस्वारांचे मत पडले, की दोन न्हाणीघरे असतील तर सही करावी. घरात दोन न्हाणीघरे आहेत.

चौथा दिवस : यॉर्क

रुआबॉनहून चेस्टर आणि मँचेस्टर येथे गाड्या बदलून यॉर्कला पोहोचलो. गुडरमगेट या वर्दळीच्या रस्त्यावरून एका कमानीतून आत गेले, की होली ट्रिनिटी चर्चचे शांत अंगण लागते. चर्च रोज सर्व वेळ उघडे असेलच असे नाही, तेव्हा वेळ पाहून जावे. आत लाकडी दारांची बंदिस्त बाके आहेत, फरशी वरखाली झालेली आहे, आणि पूर्वेच्या खिडकीतल्या पंधराव्या शतकातील रंगीत काचांचा उजेड त्या बाकांवर पडतो.

३० मार्च १८३४ रोजी, ईस्टरच्या रविवारी, ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर यांनी येथे पाव आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती प्रसाद एकत्र घेतला आणि तेच आपले लग्न मानले. कायद्याच्या लेखी त्याला काही अर्थ नव्हता. बाहेर इंद्रधनुषी कडा असलेला निळा फलक आहे. तो पहिल्यांदा २०१८ मध्ये लागला, पण त्यावर ॲन लिस्टर लेस्बियन असल्याचा उल्लेख नसल्यामुळे लोकांनी आक्षेप घेतला आणि पुढच्या वर्षी नवा फलक लावण्यात आला.

या दोन ठिकाणांना जोडणारा धागा ॲन लिस्टरच आहे. १८२२ च्या जुलैमध्ये ती प्लास न्यूइडला जाऊन आली होती. एलिनॉर आजारी असल्याने तिची भेट फक्त साराशी झाली, आणि त्या दोघींचे नाते केवळ मैत्रीचे असेल यावर आपला विश्वास बसत नाही, असे तिने डायरीत लिहून ठेवले. पुढे लिस्टरने मागणी घातल्यावर ॲन वॉकर बरेच महिने ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये झुलत राहिली. माझ्या जोडीदाराला ॲन वॉकर अतिशय जवळची वाटली. प्रसादाच्या दिवसाच्या नोंदीत लिस्टर लिहिते, की आपले नाते सुखाचे व्हावे अशी प्रार्थना मी केली, पण माझ्यासाठी तसे करण्याचे वॉकरला सुचले नाही. हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, ‘घाबरली असेल गं बिचारी. प्रार्थना कुठून सुचणार?’

त्याच नोंदीत आणखी एक नाव आहे. मिस वॉकर, मी आणि टॉमस प्रसादासाठी थांबलो, असे लिस्टर लिहिते. टॉमस हा त्यांचा नोकर. आपण कशाचे साक्षीदार आहोत हे त्याला कळले होते की नाही कोण जाणे, पण तो तेथे होता.

तिने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. मग ती बाकाचे दार उघडून बाहेर पडली आणि अंगणात जाऊन तिने आपल्या मावशीला फोन लावला. मावशीला आमच्याविषयी सारे माहीत आहे. विचारायचे मात्र राहून गेले होते.

‘मावशी, आमचं भांडण झालं तर तू मध्ये पडशील का?’

‘कुणाच्या बाजूनं?’ पलीकडून आवाज आला. आणि उत्तराची वाट न पाहता, ‘तिला दे फोन.’

मावशींनी मला घरात कपाटे किती आहेत ते विचारले. दोन आहेत असे सांगितल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि नियम सांगितला. ‘जे काय भांडायचं ते तुमच्या संध्याकाळी सातच्या आत. इथे तेव्हा साडेअकरा वाजतात आणि मग मी झोपते. सातनंतर आठवलेलं दुसऱ्या दिवशी.’

यॉर्कहून सुटलेल्या गाडीत तिने फोनवर करार उघडला, तो पहिल्या पानापासून पुन्हा सगळा वाचला, जलसेतूची वार्षिक तपासणी कोणत्या महिन्यात ठेवायची ते माझ्याकडून कबूल करून घेतले आणि बोटाने सही केली. नव्या घरातले पहिले भांडण कपाटावरून झाले. ते साडेसहाला सुरू झाले आणि मावशींनी पावणेसातला मिटवले.